एक कीबोर्ड, दोन प्रणाली: लेआउटच्या घोळाचा आढावा

विंडोजच्या संगणकावर एका चौकटीत लिनक्स चालू आहे. ईमेलचा पत्ता लिहिताना शिफ्ट धरून २ दाबले, तर @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटते. रुपयाचे ₹ हे चिन्ह चौकटीबाहेर येते, आत मात्र येत नाही. जर्मन कीबोर्ड वापरणाऱ्याला झेडच्या जागी वाय मिळतो. पासवर्ड बिनचूक टाइप केला तरी आतली प्रणाली तो नाकारते. लक्षणे वेगवेगळी असली तरी मूळ एकच आहे: दाबलेल्या कळीचा अर्थ बाहेरची प्रणाली एक लावते आणि आतली दुसरा.

एका संगणकप्रणालीत दुसरी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवण्याची सोय सामान्य वापरकर्त्याच्या हाती येऊन आता पाव शतक झाले. व्हीएमवेअरचे वर्कस्टेशन १९९९ साली आले, फाब्रिस बेलार यांचे क्यूईएमयू २००३ साली आणि व्हर्च्युअलबॉक्सची खुली आवृत्ती २००७ साली. बाहेरच्या प्रणालीला होस्ट आणि आतल्या प्रणालीला गेस्ट म्हणण्याची पद्धत या काळात रुळली. दरम्यान पडदा, डिस्क आणि नेटवर्क यांचे बहुतेक प्रश्न सुटले. कीबोर्ड दिसायला सर्वांत साधा, पण त्याच्या तक्रारी टिकून राहिल्या. त्या का टिकल्या, त्यावर कोणते मार्ग निघाले, कोणत्या मुद्द्यांवर एकमत झाले आणि काय अजून खुले आहे, याचा हा आढावा.

कीबोर्ड नेमके काय पाठवतो?

कीबोर्डला अक्षरे ठाऊक नसतात. त्याला जागा ठाऊक असतात. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ८३ कळी होत्या. प्रत्येक कळीला एक क्रमांक होता आणि कळ दाबल्याचा व सोडल्याचा संदेश वेगवेगळा जाई. १९८४च्या एटी संगणकाबरोबर क्रमांकांचा दुसरा संच आला. जुने प्रोग्राम मात्र पहिल्याच संचाची अपेक्षा धरत होते. म्हणून संगणकातील नियंत्रक चिप नव्या क्रमांकांचे जुन्यात भाषांतर करू लागली. म्हणजे कीबोर्ड आणि प्रोग्राम यांच्यामध्ये दुभाषा बसवण्याची प्रथा व्हर्च्युअल मशीनच्या बरीच आधीची आहे.

पुढे यूएसबीने स्वतःचे क्रमांक ठरवले. आज ‘ए’ या एकाच कळीला पीसीच्या पहिल्या संचात ३०, दुसऱ्यात २८, यूएसबीत ४, लिनक्सच्या गाभ्यात ३०, लिनक्सच्या एक्स या चित्रप्रणालीत ३८ आणि मॅकमध्ये ० असे क्रमांक आहेत. एक्समधला आकडा लिनक्सच्या आकड्यात ८ मिळवून येतो, कारण एक्सची मोजणी ८ पासून सुरू होते. क्रमांकावरून अक्षर ठरवण्याचे काम लेआउटचे. विंडोजमध्ये त्यासाठी प्रत्येक लेआउटची फाइल असते, तर लिनक्समध्ये एक्सकेबी नावाची व्यवस्था.

यात आणखी एक उणीव आहे. कळींवर कोणती अक्षरे छापली आहेत, हे संगणकाला खात्रीने कळत नाही. यूएसबी कीबोर्डच्या माहितीत देशाचा क्रमांक लिहिण्याची जागा आहे, पण बहुतेक उत्पादक तिथे शून्य भरतात. त्यामुळे अमेरिकी आणि ब्रिटिश कीबोर्डमधला फरक वापरणाऱ्याला डोळ्यांनी दिसतो, पण यंत्राला सांगावा लागतो. प्रणाली एकच असेल तर हे एकदाच सांगून भागते. दोन असतील तर दोनदा सांगावे लागते आणि दोन्ही उत्तरे जुळावी लागतात.

व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्टपुढे एक नकली कीबोर्ड मांडलेला असतो. होस्टकडून आलेली घटना या नकली कीबोर्डच्या क्रमांकात बदलावी लागते. घोळाच्या दोन जागा इथेच दिसतात: क्रमांकाचा क्रमांक करताना आणि क्रमांकाचे अक्षर करताना. या दोन जागा वेगळ्या ओळखणे ही दुरुस्तीची पहिली पायरी.

बाणाच्या कळीने शिकवलेला धडा

पहिल्या जागेवरच्या घोळाचे गाजलेले उदाहरण २००८च्या आसपासचे. तोपर्यंत लिनक्समधील एक्स सर्व्हर कीबोर्डसाठी जुना ड्रायव्हर वापरत असे. त्या सुमारास मोठ्या वितरणांनी इव्हडेव्ह नावाचा नवा ड्रायव्हर स्वीकारला. अक्षरांच्या कळींचे क्रमांक तेच राहिले, पण बाण, होम, प्रिंट स्क्रीन यांसारख्या कळींचे बदलले. वरच्या बाणाचा क्रमांक पूर्वी ९८ होता, तो १११ झाला. आणि जुन्या तक्त्यात १११ हा क्रमांक प्रिंट स्क्रीनचा होता. डावा बाण ११३ झाला, जो पूर्वी उजव्या ऑल्टचा होता. खालचा बाण ११६ झाला, जो पूर्वी उजव्या विंडोज कळीचा होता.

जुना तक्ता गृहीत धरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यामुळे वरचा बाण दाबला की गेस्ट पडद्याचे छायाचित्र घेऊ लागला. व्हीएमवेअरच्या वापरकर्त्यांसाठी यावरचा उपाय मांडणी-फाइलीतील एका ओळीचा होता: क्रमांकांचा तक्ता वापरू नकोस, कळीच्या चिन्हावरून काम चालव. ही ओळ वर्षानुवर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. तिच्यामागची अडचण मात्र व्यापक होती. होस्टचे क्रमांक कोणत्या संचातले आहेत हे अंदाजाने ठरवले, की होस्ट बदलताच तो अंदाज कोसळतो. पुढे कीकोडमॅपडीबी नावाचा सामायिक तक्ता तयार झाला. लिनक्स, मॅक, विंडोज, यूएसबी आणि पीसी यांचे क्रमांक एकाच ठिकाणी समोरासमोर मांडून त्यातून प्रत्येक प्रकल्पासाठी लागणारे तक्ते यंत्रानेच बनवायचे, ही त्यामागची कल्पना. क्यूईएमयूने ती स्वीकारली.

मॅकवर या जातीचा घोळ अजून भेटतो. युरोपीय घडणीच्या कीबोर्डवर डाव्या शिफ्टशेजारी एक जादा कळ असते. ती आणि १च्या डावीकडची कळ यांचे क्रमांक मॅक अदलाबदल करून देतो. अनुवाद करणाऱ्या सॉफ्टवेअरने हे लक्षात घेतले नाही, तर गेस्टमध्ये या दोन कळी एकमेकींची कामे करू लागतात. भारतात बहुतांशी अमेरिकी घडणीचे कीबोर्ड विकले जातात, त्यामुळे हा अनुभव इथे क्वचित येतो. युरोपात काम करणाऱ्यांना तो ओळखीचा आहे.

चार भूमिका

कळीचे अक्षर कोणी करायचे, या प्रश्नावर आज चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका जागेची. होस्टने कोणती कळ दाबली तेवढेच कळवावे, अक्षर गेस्टने ठरवावे. एकाच संगणकावर चालणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, क्यूईएमयू यांची आजची सर्वसाधारण रीत हीच आहे. स्पाइस हा दूरस्थ पडद्याचा प्रोटोकॉलही कळीचे क्रमांकच पाठवतो. तिचे बळ असे की शॉर्टकट, खेळ, कळ धरून ठेवणे, कोणताही अनोळखी लेआउट हे सगळे चालते, कारण मधल्या कोणालाही भाषा कळण्याची गरज नसते. मर्यादा अशी की गेस्टमध्ये योग्य लेआउट निवडण्याची जबाबदारी वापरकर्त्यावर येते. वेगवेगळ्या कीबोर्डचे दोघे जण एकच गेस्ट वापरत असतील तर एकाची तरी अडचण होतेच.

दुसरी भूमिका चिन्हाची. वापरकर्त्याला जे अक्षर अपेक्षित आहे तेच पाठवावे. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत जन्मलेल्या व्हीएनसी या दूरस्थ पडद्याच्या व्यवस्थेने हा मार्ग घेतला. व्हीएनसीचा प्रोटोकॉल २०११ साली आरएफसी ६१४३ म्हणून नोंदला गेला. चालू असलेल्या प्रणालीच्या आत बसलेला व्हीएनसी सर्व्हर अक्षर थेट प्रोग्रामला देऊ शकतो, त्यामुळे तिथे हा मार्ग शोभतो. व्हर्च्युअल मशीनला मात्र अक्षरावरून मागे कळीकडे जावे लागते. @ आले तर ते अमेरिकी लेआउटमधले शिफ्ट-२ समजायचे, की ब्रिटिश लेआउटमधली एंटरजवळची कळ? हे ठरवण्यासाठी क्यूईएमयूत लेआउटचे नाव सांगण्याचा पर्याय ठेवला आहे. कच्चे क्रमांक सहज मिळत नाहीत अशाच ठिकाणी तो वापरावा, असे त्याच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. ओपनस्टॅक या क्लाउड-प्रणालीने २०१८च्या रॉकी आवृत्तीत आपला तसाच पर्याय निवृत्तीच्या यादीत टाकला. अशा उलट्या भाषांतरात माहिती गळते आणि अमेरिकी इंग्रजीखेरीज इतर कीबोर्डवाल्यांना त्रास होतो, हे त्यामागचे कारण होते. त्याऐवजी अक्षर आणि कळ दोन्ही कळवणारा व्हीएनसीचा विस्तार वापरावा, अशी शिफारस झाली. ब्राउझरमध्ये चालणारे नोव्हीएनसी हा विस्तार जाणते.

तिसरी भूमिका वाटाघाटीची. कळीबरोबर लेआउटचे नावही कळवावे, म्हणजे आतली प्रणाली स्वतःला जुळवून घेईल. मायक्रोसॉफ्टचा आरडीपी हा दूरस्थ पडद्याचा प्रोटोकॉल जोडणीच्या सुरुवातीलाच लेआउटचा क्रमांक पाठवतो. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्याच व्हर्च्युअल मशीनच्या व्यवस्थेत २०१३च्या आवृत्त्यांपासून आलेले वर्धित सत्र आरडीपीवरच चालते, आणि विंडोजमध्ये लिनक्सचे प्रोग्राम दाखवणारे डब्ल्यूएसएलजीही. दोन्ही बाजूंना विंडोज असेल तर हे बहुधा अलगद जमते. आत लिनक्स असेल तर विंडोजचा लेआउट-क्रमांक आणि एक्सकेबीचे नाव यांचा तक्ता लागतो. तक्त्यात नसलेला किंवा स्वतः बनवलेला लेआउट तिथे अडतो. शिवाय सगळ्यांना हे आपोआप जुळणे नको असते. सर्व्हरवर ठरलेला लेआउट कायम राहावा म्हणून बाहेरून आलेले नाव दुर्लक्षित करण्याची सोय विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवावी लागली आहे, ती याचमुळे.

चौथी भूमिका थेट हस्तांतराची. भाषांतरच नको, कीबोर्डच गेस्टच्या स्वाधीन करावा. यूएसबी कीबोर्ड थेट आत जोडता येतो. क्यूईएमयूत लिनक्सच्या इव्हडेव्हमार्फतही तो देता येतो आणि दोन्ही कंट्रोल कळी एकदम दाबून तो होस्ट व गेस्ट यांच्यात फिरवता येतो. अचूकतेत हा मार्ग सर्वांत पुढे आहे, पण तो संगणकासमोर बसलेल्यालाच उपयोगी पडतो.

दुरुस्तीचा प्रचलित क्रम

तंत्रज्ञांमध्ये या दुरुस्तीचा एक क्रम आता रूढ झाला आहे. आधी गेस्टमध्ये कोणता क्रमांक पोहोचतो ते पाहायचे. लिनक्समध्ये त्यासाठी एक्सईव्ही, शोकी, ईव्हीटेस्ट अशी साधने आहेत. ‘वाय’ची कळ दाबल्यावर त्याच जागेचा क्रमांक आला आणि तरीही झेड उमटला, तर दोष लेआउटचा आहे, गेस्टची मांडणी बदलून तो जातो. क्रमांकच भलता आला तर गेस्टमध्ये कितीही लेआउट बदलून उपयोग नाही. होस्टकडचा अनुवाद तपासावा लागतो. बरीचशी खटपट वाया जाते ती हा फरक न पाहिल्यामुळे.

लिनक्स गेस्टमध्ये कायमची नोंद लोकलसीटीएल या आज्ञेने होते, डेबियन-उबुंटू घराण्यात कीबोर्ड-कॉन्फिगरेशन पुन्हा चालवून. सेटएक्सकेबीमॅप ही जुनी आज्ञा फक्त चालू सत्रापुरती असते. एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या चित्रप्रणालीवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर तिच्यावर विसंबता येत नाही, कारण तिथे लेआउट डेस्कटॉपचा व्यवस्थापकच ठरवतो; त्याच्याच सेटिंगमध्ये बदल करावा लागतो.

पासवर्डचा प्रश्न यात वेगळा उठून दिसतो. डेस्कटॉपवर निवडलेला लेआउट लॉगिनच्या पडद्यावर, मजकुरी कन्सोलवर किंवा कूटबद्ध डिस्कचा पासवर्ड विचारणाऱ्या सुरुवातीच्या टप्प्यावर लागू असेलच असे नाही. ग्रब हा बूटलोडर तर मुळात अमेरिकी लेआउट धरून चालतो. लिनक्सच्या कन्सोलवर पासवर्ड लिहिताना ठिपकेही दिसत नाहीत, त्यामुळे चूक डोळ्यांना कळत नाही. म्हणून पासवर्ड आधी वापरकर्तानावाच्या रकान्यात टाइप करून पाहणे, किंवा लेआउट बदलला तरी न हलणारी अक्षरे पासवर्डासाठी निवडणे, असे साधे उपाय सुचवले जातात. पहिला उपाय शेजारी कोणी नसतानाच करावा, हे वेगळे सांगायला नको.

उजवा ऑल्ट हा आणखी एक नाजूक भाग. भारतीय इंग्रजी लेआउटमध्ये उजवा ऑल्ट धरून ४ दाबले की ₹ येते. हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१०मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. गेस्टमध्ये साधा अमेरिकी लेआउट असेल तर उजवा ऑल्ट हा फक्त ऑल्ट राहतो आणि ₹ गायब होते. ही तक्रार गेस्टमध्ये भारतीय इंग्रजी निवडून मिटते. पण विंडोज हा उजवा ऑल्ट कंट्रोल आणि ऑल्ट यांची जोडी म्हणून हाताळते आणि त्यासाठी डाव्या कंट्रोलची एक खोटी घटना तयार करते. ती घटना ओळखून गाळली नाही, तर दूरच्या लिनक्सला कंट्रोल खरोखरच दाबला आहे असे वाटते.

देवनागरीचा प्रश्न

आतापर्यंतची बरीच चर्चा युरोपीय लिप्यांच्या अनुभवातून घडली. देवनागरीत तिला आणखी पदर येतात.

इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या लेआउटचा आराखडा १९८६ साली तयार झाला आणि १९९१च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तो समाविष्ट आहे. त्यात ‘के’च्या जागी क, ‘एच’च्या जागी प, ‘जे’च्या जागी र. हा जागेवर आधारलेला लेआउट असल्याने पहिल्या भूमिकेशी त्याचे छान जमते: गेस्टमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडला की काम झाले. नव्या माणसाचा गोंधळ उडतो तो होस्टमध्ये मराठी निवडूनही आत इंग्रजीच उमटते तेव्हा. होस्टचा लेआउट गेस्टपर्यंत जातच नाही, फक्त जागा जाते, हे कळले की कोडे सुटते.

तरीही बारीक फरक उरतात. विंडोजच्या पारंपरिक मराठी लेआउटमध्ये शिफ्ट-७ने क्ष आणि शिफ्ट-५ने ज्ञ एका फटक्यात येतो. युनिकोडमध्ये ही प्रत्येकी तीन चिन्हे आहेत. एक्सकेबीत परंपरेने कळीच्या एका पातळीवर एकच चिन्ह बसते, म्हणून लिनक्समध्ये ही सोय हवी असेल तर आयबससारखी इनपुट पद्धत लागते. जागा अचूक पोहोचूनही विंडोजमधला हात लिनक्समध्ये अडखळतो तो इथे. एक्सकेबीत मराठीसाठी सुधारित इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कगप असे वेगळे पर्याय आहेत. नुसते ‘भारतीय’ निवडून भागत नाही.

चिन्हाच्या भूमिकेत देवनागरीची अडचण अधिक मोठी आहे. होस्टवर मराठी चालू ठेवून व्हीएनसीतून क पाठवला, तर यू+०९१५ हे चिन्ह निघते. क्यूईएमयूच्या माहितीपत्रकातील लेआउटच्या यादीत जर्मन, फ्रेंच, रशियन, अरबी, थाई आहेत, हिंदी-मराठी नाहीत. अशा वेळी त्या क साठी कळ शोधायची कुठे, याला उत्तर राहत नाही.

आणि मराठीत टाइप करणारे पुष्कळ लोक इनस्क्रिप्ट वापरतच नाहीत. रोमन अक्षरे टाइप करून देवनागरी मिळवण्याची पद्धत त्यांच्या हाताची आहे. अशा साधनात अक्षर कळीतून थेट निघत नाही. अनेक कळींचा विचार करून सॉफ्टवेअर ते बनवते. त्या अक्षराला कीबोर्डवर जागाच नसते, म्हणून नकली कीबोर्डमधून ते पाठवता येत नाही. उपाय दोन: इनपुट साधन गेस्टमध्येच बसवणे, नाहीतर मजकूर बाहेर लिहून सामायिक क्लिपबोर्डमधून आत चिकटवणे. आरडीपीत कळीऐवजी युनिकोड अक्षर पाठवण्याची सोय आहे, पण ती दोन्ही टोकांना मान्य असावी लागते.

युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टच्या फाइली उघडण्यासाठी जुने विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवण्याची गरज मुद्रण-प्रकाशनात पडू शकते. श्री-लिपी किंवा आयएसएमसारख्या संचांचा कीबोर्ड-तक्ता विंडोजच्या लेआउटच्या वर बसतो. तिथे भाषांतराचा तिसरा थर तयार होतो. खालचे दोन थर शक्य तितके साधे, म्हणजे होस्ट आणि गेस्ट दोन्हीकडे अमेरिकी इंग्रजी, ठेवणे अशा वेळी सुरक्षित.

काय ठरले, काय राहिले

एका गोष्टीवर आज बऱ्यापैकी एकमत दिसते. एकाच संगणकावरच्या व्हर्च्युअल मशीनसाठी जागा पाठवावी आणि अक्षर एकदाच, गेस्टमध्ये ठरावे. क्यूईएमयू आणि ओपनस्टॅक यांची वाटचाल त्याच दिशेने झाली आहे. दूरस्थ वापरात मात्र कळ आणि अक्षर दोन्ही पाठवण्याकडे कल आहे. त्यातले कोणते कधी खरे मानायचे, याचा सर्वमान्य नियम झालेला नाही.

शॉर्टकटचा वाद निराळा आहे. मॅकच्या कमांड कळीने विंडोज गेस्टमध्ये कंट्रोलचे काम करावे, की विंडोज कळीचे? हाताची सवय जपायची तर पहिले, आतल्या प्रणालीशी प्रामाणिक राहायचे तर दुसरे. मॅकवरची पॅरलल्ससारखी साधने सवयीला झुकते माप देतात, क्यूईएमयू अदलाबदल वापरकर्त्याच्या मर्जीवर सोडते. शिवाय ऑल्ट-टॅबसारखे जोड कोणाच्या वाट्याला यावेत, हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. वेलँडने त्यासाठी प्रोग्रामने परवानगी मागण्याचा स्वतंत्र प्रोटोकॉल आणला. एक्समध्ये प्रोग्रामला सगळा कीबोर्ड परस्पर ताब्यात घेता येत असे.

फोन आणि टॅब्लेट यांनी जुनी मांडणी सर्वांत जास्त हलवली आहे. तिथल्या पडद्यावरच्या कीबोर्डला जागाच नसतात, तो थेट मजकूर देतो. गेस्टमधल्या नकली कीबोर्डला मात्र जागाच हव्या असतात. बोलून लिहिणे, शब्द सुचवणे आणि लिप्यंतर याच गटात येतात. कळींसाठी एक वाट आणि तयार मजकुरासाठी दुसरी, अशी दुपदरी व्यवस्था तर्काला पटते आणि आरडीपीत तिची बीजेही आहेत. पण गेस्टच्या आत मदतनीस सॉफ्टवेअर नसताना, म्हणजे लॉगिनच्या किंवा बूटच्या पडद्यावर, तो मजकूर घ्यायचा कोणी, याचे उत्तर कोणत्याच भूमिकेत नाही. मराठी वापरकर्त्याला होस्टमधले आपले लिप्यंतर गेस्टमध्ये थेट वापरता येईल की नाही, हे या दुसऱ्या वाटेवर काम किती पुढे जाते त्यावर ठरेल. तोवर इनपुट साधन आत बसवणे हाच भरवशाचा मार्ग आहे.